२४ व्होल्टच्या बॅटरीवर १२ व्होल्टचे सोलेनॉइड व्हॉल्व्ह कसे चालवावेत?

आधी तुमचा प्रश्न मला जसा कळला तसा मांडतो. द्राक्षबागेच्या ठिबकसाठी तुम्ही १२ व्होल्ट डीसीचे सहा सोलेनॉइड व्हॉल्व्ह घेतले. लेबलवर १२ वॅट लिहिलंय. नंतर मिळालेला कंट्रोलर निघाला २४ व्होल्टचा. त्याच्या पेटीत १२ व्होल्ट, ७ एएचच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये आहेत आणि वर ५० वॅटचं सोलर पॅनेल. व्हॉल्व्ह एकामागून एक, प्रत्येकी तासभर चालणार. सगळ्यात जवळचा व्हॉल्व्ह २० मीटरवर, लांबचा १५० मीटरवर. दुकानदार म्हणाला रेझिस्टर लावा, मित्र म्हणाला कन्व्हर्टर घ्या, आणि बॅटरी रात्रभर टिकेल का ही तुमची खरी काळजी.

मी गेली बरीच वर्षं पंप आणि ठिबकचे पॅनेल बांधतो आणि दुरुस्त करतो. हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी दारात येतो. लोक विचारतात, “२४ चे १२ कसे करू?” पण कॉईलला व्होल्टेजशी तसं देणंघेणं नसतं. प्लंजर ओढतो तो करंट. तुमच्या कॉईलचा रेझिस्टन्स १२ ओहम, म्हणून १२ व्होल्टवर १ अँपिअर जातो आणि व्हॉल्व्ह उघडतो. तीच कॉईल थेट २४ वर ठेवली तर २ अँपिअर जातात आणि उष्णता दुप्पट नाही, चौपट होते: ४८ वॅट. मुठीत मावणाऱ्या त्या प्लास्टिकच्या गोळ्याला ते झेपत नाही, थोड्याच वेळात वास येतो. पण हेच २४ व्होल्ट सेकंदाचा सातवा हिस्सा दिले, तर कॉईलला काही होत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

काही जोडण्याआधी मल्टिमीटरने कॉईलचा रेझिस्टन्स मोजा आणि लेबल नीट वाचा. ठिबकच्या दुकानात २४ व्होल्ट एसीचे व्हॉल्व्ह सर्रास मिळतात, दिसायला अगदी तसेच. एसी कॉईलमध्ये करंट अडवायचं काम बरंचसं इंडक्टन्स, म्हणजे बदलत्या करंटला कॉईलचा होणारा विरोध, करतो; तांब्याचा रेझिस्टन्स कमीच ठेवलेला असतो. समजा तो ३० ओहम आहे. २४ व्होल्ट डीसी दिले की ०.८ अँपिअर, म्हणजे १९ वॅट, आणि आकडा २४ शी २४ जुळला म्हणून माणूस निर्धास्त. अशा जळालेल्या कॉईल माझ्याकडे डबाभर आहेत. तिसरा प्रकार लॅचिंगचा, त्याकडे शेवटी येतो.

आता लोक काय काय करतात ते पाहू.

सगळ्यात मोहाचा उपाय म्हणजे दोन बॅटऱ्यांच्या मधून वायर काढायची. खालच्या बॅटरीवर १२ व्होल्ट आयते मिळतात, खर्च शून्य. एका बागेत मला हेच सापडलं. मालकाची तक्रार होती की बॅटरी दर आठ-नऊ महिन्यांनी जाते, आणि दर वेळी एकच जाते. झाकण उघडलं तर मधल्या जोडावर पिवळी वायर. व्हॉल्व्हचा भार फक्त खालच्या बॅटरीवर, चार्जिंग मात्र दोघींना एकत्र. चार्जर बघतो एकूण व्होल्टेज. वरची आधीच भरलेली असते, ती जास्त चार्ज होऊन फुगते. खालची कधीच पूर्ण भरत नाही, तिच्या प्लेटांवर सल्फेट जमतं. बिचाऱ्याने तीन बॅटऱ्या बदलल्या, वायर नाही बदलली. हा उपाय करू नका.

रेझिस्टरचा उपाय चुकीचा नाही, उधळा आहे. १२ ओहमच्या कॉईलला सिरीजमध्ये १२ ओहमचा वायरवाउंड रेझिस्टर, करंट १ अँपिअर. कॉईलमध्ये १२ वॅट, रेझिस्टरमध्येही १२ वॅट. बॅटरीतून २४ जातात. सहा तासांचे झाले १४४ वॅट-तास. तुमची बॅटरी कागदावर २४ गुणिले ७, म्हणजे १६८ वॅट-तासांची. आणि लेड-ॲसिड बॅटरी टिकवायची तर रोज निम्म्याहून जास्त उपसू नये, म्हणजे हातात ८४. थ्री-फेज लाईट रात्रीची असेल तर पाणीही रात्रीच सुटणार, तेव्हा पॅनेलचा काही उपयोग नाही. हिशेब इथेच संपला.

७८१२ रेग्युलेटर म्हणजे रेझिस्टरचाच शहाणा भाऊ. तोही उरलेले १२ व्होल्ट उष्णतेतच घालवतो, वर मोठा हीटसिंक मागतो. नकोच.

बक कन्व्हर्टर, म्हणजे उष्णतेत न घालवता व्होल्टेज कमी करणारा, बाजारात मिळणारा तो एलएम२५९६ चा छोटा निळा बोर्ड, हा चांगला मार्ग आहे. ४० व्होल्टपर्यंत इनपुट चालतं, १ अँपिअर तो आरामात देतो. ८५ टक्के कार्यक्षमता धरली तर बॅटरीतून १४ वॅट, सहा तासांचे ८५ वॅट-तास. काठावर बसतं. ढगाळ आठवड्यात बसणार नाही. तुम्हाला सोल्डरिंग अजिबात करायचं नसेल तर मोठ्या बॅटऱ्यांसोबत हे करा आणि इथेच वाचन थांबवा.

पण यापेक्षा बरंच कमी लागू शकतं, आणि त्याचं कारण व्हॉल्व्हच्या पोटात आहे.

व्हॉल्व्ह बंद असताना प्लंजर आणि वरचा स्थिर लोखंडी भाग यांच्यात दोन-तीन मिलिमीटरची फट असते. चुंबकाला त्या हवेतून ओढायचं असतं, आणि हवा चुंबकीय प्रवाहाला फार विरोध करते. प्लंजर वर जाऊन टेकला की फट जवळजवळ शून्य होते, आणि थोड्याशा करंटने तो घट्ट धरून राहतो. दाराला खांदा लावून ढकलावं लागतं, उघडल्यावर बोटाने धरलं तरी पुरतं, तसंच हे.

सांगून पटत नाही, म्हणून टेबलवर करून बघा. तुमच्यासारखीच एक १२ व्होल्टची कॉईल मी बदलत्या व्होल्टेजच्या सप्लायवर लावली. हळूहळू वाढवत नेलं तर ८.४ व्होल्टला टक् आवाज आला, प्लंजर ओढला गेला. मग कमी करत आलो. ६ ला धरून, ४ ला धरून, ३ ला धरून. २.१ व्होल्टला सुटला. करंटमध्ये बोलायचं तर ओढायला ०.७ अँपिअर, धरायला ०.१८ पुरले. तुमच्या व्हॉल्व्हचे आकडे वेगळे येतील, पाण्याचा दाब आणि स्प्रिंगवर ते अवलंबून असतं. पण ओढायला आणि धरायला यातली तफावत प्रत्येक डीसी सोलेनॉइडमध्ये दिसते. म्हणजे सुरुवातीला क्षणभर जोर द्यायचा आणि नंतर हात सैल सोडायचा. असं असलं की २४ व्होल्ट ही अडचण राहत नाही. ओढण्याच्या क्षणी जास्त व्होल्टेज उलट हवंच असतं.

याचा जुना, बिनडोक्याचा पण भरवशाचा प्रकार असा: कॉईलच्या सिरीजमध्ये ३६ ओहम, २० वॅटचा रेझिस्टर, आणि त्या रेझिस्टरला समांतर ४७०० मायक्रोफॅरड, ५० व्होल्टचा कपॅसिटर. स्विच दिल्याबरोबर रिकामा कपॅसिटर रेझिस्टरला वळसा घालून वाट देतो, कॉईलला जवळजवळ पूर्ण २४ व्होल्टचा धक्का बसतो. कपॅसिटर भरला की करंट रेझिस्टरमधून, अर्धा अँपिअर. बॅटरीतून १२ वॅट, त्यातले ९ रेझिस्टर खातो. वाया जातंच, पण यात ना प्रोग्रॅम ना आयसी. ज्या गड्याला फक्त स्विच दाबायचाय, त्याच्या पेटीत मी अजूनही हेच बसवतो. रेझिस्टर चांगलाच तापतो, त्याला वायरीपासून आणि प्लास्टिकपासून लांब ठेवा.

तुमच्यासाठी मात्र मी पीडब्ल्यूएम सुचवेन, म्हणजे मॉस्फेटने (हा एक इलेक्ट्रॉनिक स्विच, त्याच्या गेट नावाच्या पायावर सिग्नल दिला की चालू होतो) सप्लाय सेकंदाला हजारभर वेळा चालू-बंद करणं. लोकांना वाटतं यासाठी वेगळी कॉईल, फिल्टर वगैरे लागेल. लागत नाही. बक कन्व्हर्टरमध्ये जे इंडक्टरचं काम असतं ते इथे सोलेनॉइडची कॉईल स्वतःच करते. मॉस्फेट चालू असताना करंट बॅटरीतून येतो. बंद झाला की कॉईल करंट थांबू देत नाही, तो कॉईलला उलटा जोडलेल्या डायोडमधून गोल फिरत राहतो. बॅटरीतून त्या वेळात काहीच जात नाही. सगळी बचत या डायोडच्या फेऱ्यात आहे.

आकडे घालून पाहू. पहिले १५० मिलिसेकंद मॉस्फेट पूर्ण चालू: करंट २ अँपिअरकडे धावतो, व्हॉल्व्ह खाडकन उघडतो. त्यानंतर प्रत्येक फेरीत २५ टक्के वेळच चालू. सरासरी व्होल्टेज ६, त्यातून डायोडचा अर्धा व्होल्ट वजा, भागिले १२ ओहम: कॉईलमध्ये सुमारे ०.४६ अँपिअर. पण बॅटरीतून हा करंट चौथा हिस्सा वेळच येतो, म्हणून सरासरी ०.११५ अँपिअर, २.७५ वॅट. सहा तासांचे साडेसोळा वॅट-तास. रेझिस्टरला १४४ लागत होते. कॉईलही कोमटच राहते, मेमधल्या उन्हात पेटीवर हात ठेवला तरी फरक कळतो.

सुटे भाग निवडताना तीन ठिकाणी लोक हमखास फसतात. मॉस्फेट ५ व्होल्टच्या सिग्नलवर पूर्ण उघडणारा हवा. आयआरएलझेड४४एन घ्या. दुकानात आयआरएफझेड४४एन हातावर ठेवतील, “एकच आहे” म्हणतील. एका अक्षराचा फरक आहे, पण हा ‘एफ’वाला ५ व्होल्टवर अर्धवट उघडण्याची शक्यता असते आणि मग स्वतःच तापतो. गेटला १०० ओहम, आणि गेटपासून निगेटिव्हला १० किलो-ओहम लावा, म्हणजे कंट्रोलर सुरू होताना व्हॉल्व्ह उगाच उघडणार नाही.

दुसरी फसगत डायोडची. रिलेला चालतो तो १एन४००७ इथे नको. तो बंद व्हायला वेळ घेतो, आणि दर फेरीत मॉस्फेटला क्षणभर शॉर्ट दिसतो. शॉटकी डायोड घ्या. १एन५८२२ चालेल, ४० व्होल्टचा आहे. पण २४ ची बॅटरी चार्ज होताना २८.८ पर्यंत जाते, तेव्हा मी ६० व्होल्टचा एसबी५६० पसंत करतो. आणि डायोड मॉस्फेटच्या अगदी जवळ सोल्डर करा. लांब ठेवला तर मधल्या वायरीचा इंडक्टन्स मॉस्फेटला फटके देतो.

तिसरी, चालू-बंदचा सिग्नल बनवणाऱ्या ५५५ टायमर आयसीला थेट २४ व्होल्ट. तो १६ च्या वर चालवायचा नाही. मी ॲटटायनी८५ ही प्रोग्रॅम करता येणारी छोटी चिप वापरतो, ७८०५ वरून ५ व्होल्ट देऊन. ७८०५ ला ३५ व्होल्टपर्यंत इनपुट चालतं आणि इथे करंट काही मिलिअँपिअरच आहे, म्हणून उधळपट्टीचा प्रश्न येत नाही. तयार आयसीच हवा असेल तर डीआरव्ही११० नेमका याच कामासाठी बनवलाय, आधी ओढ मग धर. पण तालुक्याच्या गावी मिळत नाही, मागवावा लागतो.

फ्रिक्वेन्सी एक किलोहर्ट्झच्या आसपास ठेवा. कॉईल बारीक गुणगुणेल. बागेत कोण ऐकतंय? घरातल्या फिल्टरला किंवा दाराच्या कुलपाला असता तर २० किलोहर्ट्झवर नेलं असतं, आवाज कानाच्या पलीकडे जातो. पण ठोस लोखंडाचा गाभा असल्याने फ्रिक्वेन्सी वाढवली की त्यातली गळतीही वाढते, म्हणून विनाकारण नको.

धरण्याचा करंट किती कमी करायचा, याला एक उत्तर नाही. टेबलवर ०.१८ ला सुटला म्हणून ०.२ वर ठेवाल तर पस्तावाल. तापलेल्या तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला ०.३९ टक्क्यांनी वाढतो. कॉईल ६० अंशांनी तापली तर १२ चे जवळजवळ १५ ओहम होतात. बॅटरी उतरून २२ व्होल्टवर आली असेल, तर त्याच २५ टक्क्यांत करंट ०.३४ उरतो. तरीही सुटण्याच्या आकड्याच्या जवळपास दुप्पट आहे, म्हणून मला २५ टक्के सुरक्षित वाटतात. तुमचा व्हॉल्व्ह ०.२५ ला सुटत असेल तर ३५ टक्क्यांवर जा. हे मोजमाप पाण्याच्या दाबावर करा, कोरड्या व्हॉल्व्हवर नाही. एकदा प्लंजर सुटला की धरण्याच्या करंटवर तो परत ओढला जात नाही, म्हणून मी प्रोग्रॅममध्ये दर दहा मिनिटांनी १५० मिलिसेकंदांचा एक धक्का टाकून ठेवतो. बॅटरीला तो जाणवतही नाही.

आता वायरी. इथे तुमचे २४ व्होल्ट खरोखर कामाला येतात. दीड चौरस मिलिमीटर तांब्याची वायर किलोमीटरला सुमारे १२ ओहम. १५० मीटर जाऊन-येऊन ३०० मीटर, म्हणजे ३.६ ओहम. सप्लाय १२ चा असता तर लांबच्या व्हॉल्व्हला ९ व्होल्टच्या आसपास पोचले असते. माझ्या टेबलवरची कॉईल ८.४ ला ओढत होती, म्हणजे बॅटरी जराशी उतरली की दांडी. २४ वर तिथेच १८ च्या वर मिळतात.

म्हणून पीडब्ल्यूएमचा छोटा बोर्ड कंट्रोलरच्या पेटीत न ठेवता प्रत्येक व्हॉल्व्हजवळ ठेवा. कंट्रोलरचा रिले नेहमीसारखा २४ व्होल्ट सोडेल, बोर्ड जागा होईल, धक्का देईल आणि धरून बसेल. वायरी दोनच, काही बदलायचं नाही. वायरीतून सरासरी ०.११५ अँपिअरच जातो. बोर्डच्या इनपुटला कपॅसिटर हवा, नाहीतर कटकट लांब वायरीवर पसरते. लांबच्या व्हॉल्व्हला १०००, पण २० मीटरवरच्याला २२० मायक्रोफॅरडच लावा. जवळ वायरीचा रेझिस्टन्स कमी, मोठा कपॅसिटर भरताना इतका झटका घेतो की रिलेचे पॉईंट चिकटतात. हे मला तिसरा रिले बदलताना कळलं.

एक धोका मोकळेपणाने सांगतो, कारण तो मी भोगलाय. या पद्धतीत कॉईल फक्त प्रोग्रॅमच्या भरवशावर जिवंत असते. माझ्या एका पेटीत वीज कडाडली आणि चिप नेमकी मॉस्फेट चालू ठेवून गोठली. ४८ वॅट कॉईलमध्ये. दोन दिवसांनी मालकाचा फोन, ओळी सुकल्यात. व्हॉल्व्ह काढला तर कॉईलचं प्लास्टिक मेणासारखं ओघळलेलं. चूक माझी होती, वॉचडॉग (गोठलेली चिप परत सुरू करणारा तिच्यातलाच टायमर) चालू केला नव्हता. आता तो करतोच, शिवाय बोर्डच्या आधी अर्ध्या अँपिअरचा, ६० व्होल्टचा पॉलिफ्यूज टाकतो. १५० मिलिसेकंदांच्या धक्क्याने तो तुटत नाही, पण २ अँपिअर काही सेकंद राहिले की वाट बंद करतो. मॉस्फेट शॉर्ट झाला तरी हाच वाचवतो.

आणखी एक: उघडला नाही म्हणून लगेच इलेक्ट्रिकलवर येऊ नका. हे बहुतेक व्हॉल्व्ह पायलट जातीचे असतात. प्लंजर फक्त बारीक भोक मोकळं करतो, पडदा उचलतं ते पाण्याचा दाबच. स्वस्तातल्या प्लास्टिकच्या व्हॉल्व्हला किमान ०.२ बार लागतात, म्हणजे दोन मीटरची उंची. मीटरभर उंचीच्या टाकीवरून चालवायला गेलात तर टक् आवाज येईल आणि पाणी येणार नाही.

सहापैकी एखादाच व्हॉल्व्ह अजून खोक्यात सीलबंद असेल आणि दुकानदार परत घेत असेल, तर त्याच्या जागी लॅचिंग व्हॉल्व्ह घेऊन बघा. त्यात कायमचा चुंबक धरून ठेवतो. उघडायला एक पल्स, बंद करायला उलट्या दिशेची पल्स, मधल्या तासात शून्य खर्च. दिशा उलटवायला एच-ब्रिज लागेल, आणि बॅटरी मध्येच गेली तर व्हॉल्व्ह उघडाच राहील, ही गोम. तुमच्या आत्ताच्या व्हॉल्व्हचं उलट आहे, लाईट गेली की ते आपोआप बंद होतात. रात्री बागेत कोणी नसताना यातलं कुठलं परवडतं ते तुम्हीच ठरवा.

सध्या एकच व्हॉल्व्ह टेबलवर घ्या, रेझिस्टन्स, ओढण्याचा आणि सुटण्याचा करंट असे तीन आकडे मोजून इथे टाका. टक्केवारी किती ठेवायची ते त्यावरून सांगतो.